जंगलपट्ट्यातलं म्हातारपण : साखर, रक्तदाब आणि स्मरणशक्ती

आशाताईंच्या पिशवीत एक छापील फॉर्म असतो. आरोग्य खात्यात त्याला 'सीबॅक' म्हणतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो. वय किती, तंबाखू-दारू आहे का, कंबरेचा घेर किती, अंगमेहनत किती होते, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे प्रश्न त्यात येतात. प्रत्येक उत्तराला गुण असतात आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला पाठवायचं. पुढे साठीच्या वरच्यांसाठी चार वेगळे प्रश्न आहेत. उभं राहताना, चालताना तोल जातो का? हालचालीला अडचण होईल असं काही अपंगत्व आहे का? जेवण, आंघोळ, कपडे यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का? आणि चौथा प्रश्न : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का?

कंबरेचा घेर आणि विसरभोळेपणा असे एकाच कागदावर आले आहेत. या दोन उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, असला तर तो कोणत्या वाटेनं जातो आणि उतारवयात तो तोडता येतो का, यावर जगभर गेली पंचवीस-तीस वर्षं संशोधन चाललं आहे. त्यातलं बहुतेक संशोधन शहरी, शिकलेल्या आणि अंगानं भरलेल्या माणसांवर झालेलं आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीतला म्हातारा माणूस बहुधा असा नसतो. म्हणून या वादाचा हिशोब याच दोन जिल्ह्यांत उभं राहून मांडायचा आहे.

आधी काय मानलं जात होतं

भारताच्या खेड्यांत स्मृतिभ्रंश फारसा आढळत नाही, असा समज बराच काळ होता आणि त्याला आधारही होता. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये १९९०च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून मोठं काम केलं. तिथं अल्झायमरचं प्रमाण त्या काळी जगात नोंदलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक निघालं. शाकाहार, कष्ट, एकत्र कुटुंब आणि आनुवंशिकता अशी अनेक कारणं पुढे केली गेली. शंकाही घेतल्या गेल्या. विसरणं हा वयाचाच भाग मानला जातो तिथं कुटुंब तक्रार करत नाही, आणि आजारी माणूस फार काळ जगला नाही तर तो मोजणीत सापडत नाही.

पुढे 'लासी' हा देशव्यापी अभ्यास सुरू झाला. पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांचा हा पाठपुरावा मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. त्यातल्या साठीपुढच्या चार हजारांवर लोकांची बुद्धी आणि स्मरणशक्ती बारकाईनं तपासली गेली. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरात हे प्रमाण ५.३ टक्के आणि खेड्यात ८.४ टक्के निघालं. पुरुषांत ५.८ तर बायकांत ९ टक्के. खेड्यातल्या म्हातारपणाबद्दलची जुनी समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

चयापचयाच्या बाजूनं पाहिलं तर १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासानं मधुमेह्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट असल्याचं दाखवलं. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत हा आकडा दीडपटीच्या आसपास आला. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशात मात्र तो दुपटीच्याही वर राहिला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली आहेत. मधुमेह, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा आणि वाईट कोलेस्टेरॉल ही चयापचयाशी थेट जोडलेली चार कारणं त्यात आहेत. कमी शिक्षण, ऐकू न येणं, अधू नजर, नैराश्य, डोक्याला मार, धूम्रपान, अतिमद्यपान, बैठेपणा, एकाकीपणा आणि हवेचं प्रदूषण ही बाकीची. या सगळ्यांचा बंदोबस्त झाला तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतो किंवा लांबणीवर पडू शकतो, असा आयोगाचा अंदाज आहे. हा अंदाज जगाच्या सरासरीचा आहे. गडचिरोलीच्या धानोऱ्यातल्या किंवा चंद्रपूरच्या जिवतीतल्या माणसावर तो जसाच्या तसा लावता येत नाही.

दोन जिल्हे, दोन तऱ्हेची शरीरं

२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच चांदा-चंद्रपूर जिल्ह्यात होता. आज मात्र आरोग्याच्या दृष्टीनं त्याचे दोन तोंडवळे आहेत. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यात कोळशाच्या खाणी, सिमेंट, कागद कारखाना आणि २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये चंद्रपूरला अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत घातलं. इथं नोकरी, पगार, गाडी आणि बैठं काम आलं, त्यांच्या मागोमाग सुटलेलं पोट आणि शुगरच्या गोळ्याही आल्या. पूर्वेला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली लागतो. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगल आहे आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतले सुमारे ३९ टक्के लोक आदिवासी आहेत. इथला म्हातारा हडकुळा असतो. भात खातो, मोहफुलं वेचतो, तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलात जातो, रोवणीला चिखलात उभा राहतो. आठवड्यात दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का, हा फॉर्मवरचा प्रश्न त्याला कळतच नाही.

या माणसाला चयापचयाचा कसला आजार होणार, असं वाटणं साहजिक आहे. त्याला धक्का दिला तो 'सर्च'च्या कामानं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ही संस्था १९८६ पासून गडचिरोलीत आहे आणि बालमृत्यूंवरच्या कामामुळे ती जगाला माहीत झाली. त्याच संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं घरोघर जाऊन तपासली. २०१५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ ते २०१३ या काळात या गावांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा हे होतं. दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा होता आणि त्यातली बहुतेक माणसं घरीच गेली. मलेरिया आणि कुपोषणाचा म्हणून ओळखला जाणारा जिल्हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारानं मरत होता.

लकव्याचा आणि स्मरणशक्तीचा संबंध वादातीत आहे. पहिल्या झटक्यानंतर साधारण दहातल्या एकाला नव्यानं स्मृतिभ्रंश होतो. झटका पुन्हा आला तर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या पुढे जातं. लक्षात न येणारे बारीक झटके यात धरलेलेच नाहीत. आदिवासी आरोग्यावरच्या केंद्रीय तज्ज्ञ समितीनं, जिचे अध्यक्ष डॉ. अभय बंग होते, २०१८च्या अहवालात देशातल्या दर चार आदिवासी प्रौढांपैकी सुमारे एकाला उच्च रक्तदाब असल्याचं नोंदवलं आहे. वजन कमी आणि रक्तदाब जास्त, असं हे चित्र आहे. मीठ, सुपारी-तंबाखूचा खर्रा, बिडी, दारू आणि उपचाराचा अभाव ही कारणं सांगितली जातात. कुणाचा वाटा किती, हे अजून नीट वेगळं काढता आलेलं नाही.

चार मतं

साखर आणि स्मरणशक्ती यांच्या नात्याबद्दलचं पहिलं मत इन्सुलिनभोवती फिरतं. मेंदूच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की त्यांचं पोषण बिघडतं, सूज वाढते आणि अमायलॉइड नावाचं प्रथिन साफ होण्याचं काम मंदावतं. अमेरिकेतल्या सुझान द ला माँट यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात अल्झायमरला 'टाइप ३ मधुमेह' म्हणायला सुरुवात केली. प्रयोगशाळेतला पुरावा या मताच्या बाजूनं भक्कम आहे. रुग्णांवरचा पुरावा तितका नाही. मधुमेहाच्या आणि वजन उतरवणाऱ्या औषधांपैकी सर्वांत गाजलेलं सेमाग्लुटाइड सुरुवातीच्या अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा २०२५च्या अखेरीस जाहीर झालेल्या निकालांत आजाराची गती कमी झाली नव्हती.

दुसऱ्या मतानुसार साखर, चरबी, रक्तदाब हे सगळे शेवटी एकच काम करतात : मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. मधुमेह्यांमधला जादा स्मृतिभ्रंशही मुख्यतः या वाटेनं येतो. गडचिरोलीतला लकव्याचा आकडा पाहिला की इथं हे मत जास्त जवळचं वाटतं. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांचं उदाहरण याच बाजूचं आहे. कष्टाची दिनचर्या, कमी रक्तदाब आणि स्वच्छ रक्तवाहिन्या असलेल्या या समाजात साठीपुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंश जेमतेम एक टक्का आढळला. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सौम्य विसराळूपणा मात्र त्यांच्यातही होता. कष्ट तर गडचिरोलीच्या माणसालाही आहेत, पण त्याचा रक्तदाब त्सिमानेंसारखा कमी नाही. जंगलात राहणं एवढंच पुरेसं संरक्षण असतं, तर लकव्यानं इतकी माणसं गेली नसती.

तिसरं मत आयुष्याच्या सुरुवातीकडे बोट दाखवतं, आणि त्याची मुळं महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. आपली बाळं जन्मतः वजनानं कमी, पण त्या मानानं चरबीनं जास्त असतात, असं त्यांना दिसलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. आईच्या पोटात उपास घडलेलं शरीर पुढे थोड्याशा सुखानंही साखरेकडे झुकतं, असं हे मत मानतं. मेंदूची वाढही त्याच काळात होत असल्यामुळे कमी वजनाचं बाळ साखरेचा धोका आणि मेंदूची तुटपुंजी शिल्लक असं दोन्ही घेऊन जन्मतं, असा पुढचा तर्क आहे. तो तर्क पटण्याजोगा आहे, पण साठ-सत्तर वर्षं थांबल्याशिवाय तो पक्का करता येत नाही.

याच्याशी लागून आणखी एक वाद आहे. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कुपोषणातून येणारा मधुमेह हा वेगळा प्रकार मानला आणि १९९९ मध्ये तो यादीतून काढून टाकला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये बारीक अंगाच्या अशा रुग्णांचा चयापचय मोजून दाखवला. त्यांच्यात इन्सुलिनच कमी तयार होतं. इन्सुलिनला दाद न देणं ही त्यांची मुख्य अडचण नाही. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. निदानाचे निकष सैल आहेत असं म्हणणारे तज्ज्ञही आहेत. आपल्यासाठी यातला प्रश्न असा : स्मृतिभ्रंशाचा धोका दीडपट हा आकडा ज्या मधुमेह्यांवरून काढला, ते बहुतेक वजनदार आणि इन्सुलिनला न जुमानणारे होते. गडचिरोलीच्या कोरचीतल्या हडकुळ्या मधुमेह्याच्या मेंदूचं काय होतं, हे त्या आकड्यात नाही.

चौथं मत सावध करणारं आहे. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होत नाही ना, असं ते विचारतं. इंग्लंडमधल्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात पन्नाशीतला लठ्ठपणा धोक्याचा निघाला, पण निदानाच्या आधीच्या काही वर्षांत त्याच माणसांचं वजन उतरत गेलं होतं. त्यामुळे सत्तरीत मोजलं तर लठ्ठ माणूस उलट सुरक्षित दिसतो. 'लासी'च्या आकड्यांवर केलेल्या विश्लेषणांतही कमी वजनाच्या ज्येष्ठांची स्मरणशक्ती कच्ची आणि वजनदारांची बरी निघते. वजनानं डोकं चालतं असा याचा अर्थ काढणं घाईचं होईल. भारतात अंगानं भरलेला म्हातारा बहुधा शिकलेला आणि खाऊनपिऊन सुखी असतो, आणि शिक्षण हे स्मृतिभ्रंशाविरुद्धचं फार मोठं कवच आहे. गरिबी, निरक्षरता, उपास आणि आजार एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की केवळ आकडेमोडीनं ते सुटे होत नाहीत.

उपचारांच्या प्रयोगांतून काय निघालं

साखर काटेकोर आवळून स्मरणशक्ती वाचते का, याचा मोठा प्रयोग अमेरिका आणि कॅनडात झाला. जवळपास तीन हजार मधुमेह्यांचे २०११ मध्ये आलेले निकाल निराश करणारे होते. चाळीस महिन्यांनी मेंदूचं आकारमान थोडं जास्त टिकलं, पण चाचण्यांतल्या गुणांत फरक पडला नाही. हा अभ्यास ज्या मोठ्या प्रयोगाचा भाग होता, त्यात कडक उपचाराच्या गटात मृत्यू वाढल्यामुळे तो उपचार आधीच थांबवावा लागला होता. म्हाताऱ्या माणसाची साखर वारंवार एकदम खाली गेली तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हेही २००९ मध्ये पुढे आलं. ज्याला सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही आणि हंगामात ज्याच्या जेवणाची वेळ ठरलेली नसते, त्याच्या बाबतीत साखर थोडी सैल ठेवणं शहाणपणाचं आहे, यावर आता बऱ्यापैकी एकमत आहे.

रक्तदाबाचा पुरावा जास्त आशादायक आहे. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' प्रयोगात ९,३६१ जण होते. वरचा आकडा १४० ऐवजी १२०च्या खाली ठेवला तेव्हा सौम्य विस्मरण १९ टक्क्यांनी घटलं. पूर्ण स्मृतिभ्रंशातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, कारण प्रयोग लवकर थांबला होता. आणि मधुमेही त्यात घेतलेलेच नव्हते. आपल्या दृष्टीनं जास्त मोलाचं काम चीनच्या खेड्यांतलं आहे. ३२६ गावांतल्या सुमारे ३४ हजार लोकांमध्ये गावच्याच डॉक्टरांनी रक्तदाब १३०/८०च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला. हे गावडॉक्टर म्हणजे मोठ्या पदव्या नसलेले स्थानिक कार्यकर्ते. चार वर्षांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. २०२५चा हा निष्कर्ष वाचताना गडचिरोलीतले 'सर्च'चे आरोग्यदूत आणि आशाताई आठवल्याशिवाय राहत नाहीत. ज्या जिल्ह्यात नवजात बाळाचा श्वास मोजायला आणि न्यूमोनिया ओळखायला गावच्या बाया शिकल्या, तिथं रक्तदाब मोजणं आणि गोळी पोचवणं अवघड नाही. माझ्या मते सध्याच्या पुराव्यावर या जिल्ह्यांत सगळ्यात आधी धरायचं टोक हेच आहे.

आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तवाहिन्यांची देखरेख असं सगळं एकत्र देण्याचा प्रयोग फिनलंडमध्ये १,२६० जणांवर झाला. २०१५ मध्ये त्याचे निकाल चांगले आले. पण दोन वर्षं व्यायामशाळेत आणि संगणकावर चालणारा हा उपक्रम भामरागडला जसाच्या तसा आणता येणार नाही. इथं व्यायाम भरपूर आहे. उणीव आहे ती डाळ, तेल, भाजी, चष्मा आणि कानाचं यंत्र यांची. मुक्तिपथ अभियान २०१६ पासून गडचिरोली जिल्ह्यात दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करतं आहे. त्याचा मेंदूवर काय परिणाम होतो हे कुणी मोजलं तर ते इथल्या मातीतलं उत्तर असेल.

मोजायचं कसं?

या प्रश्नाकडे मोठ्या अहवालांत फार कमी लक्ष जातं, म्हणून इथं थोडं थांबतो.

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणात आहे. सिकलसेलचा वाहक असलेल्या माणसात ही चाचणी साखर खरी आहे त्यापेक्षा थोडी कमी दाखवू शकते. अमेरिकेतल्या २०१७च्या अभ्यासात कृष्णवर्णीय वाहकांमध्ये हा फरक साधारण ०.३ टक्क्यांचा होता. प्रत्यक्ष सिकलसेलच्या रुग्णात ती चाचणी भरवशाचीच नसते. लोहाच्या कमतरतेमुळे मात्र आकडा उलट वर जातो. ज्या बाईला पंडुरोग आहे आणि सिकलसेलही आहे, तिच्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा? उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर पाहणं इथं जास्त खात्रीचं, पण त्यासाठी दोनदा रक्त द्यावं लागतं, आणि बस दिवसातून एकदा असली की दुसऱ्यांदा कुणी थांबत नाही.

स्मरणशक्तीचं मोजमाप त्याहून कठीण आहे. पाश्चात्त्य चाचण्यांत तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, असे प्रश्न असतात. बल्लभगडच्या संशोधकांनी निरक्षरांसाठी हिंदी चाचणी बनवली. तीत वजाबाकीऐवजी वारांची नावं उलटी म्हणायची असतात. लिहिण्याऐवजी घराबद्दल काही सांगायचं असतं. लक्षात ठेवायला आंबा, खुर्ची, नाणं हे शब्द असतात. 'लासी'तही ही चाचणी वापरली. पण आयुष्यभर माडिया ही आदिवासी भाषा बोललेल्या, बाजाराच्या दिवसानं आठवडा आणि मोहाच्या फुलानं वर्ष मोजणाऱ्या आजीला परक्या भाषेत वार उलटे म्हणायला लावले, तर तिच्या चुकांमधून विस्मरण मोजलं जातं की परकेपण? उलटही विचार करता येतो. हैदराबादमध्ये झालेल्या डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या २०१३च्या अभ्यासात दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची सुरुवात साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली, निरक्षरांमध्येसुद्धा. गडचिरोलीच्या सिरोंच्यात तेलुगू-मराठी-माडिया बोलणारी माणसं घरोघर आहेत. त्यांचा मेंदू कशानं तगतो, हे पाहायला यापेक्षा चांगली जागा मिळणं कठीण.

आणि घरची माणसं? "वय झालं, आता इसरनं आलंच," असं म्हणून सून किंवा मुलगा विषय संपवतात. त्यात अनास्था नसते. पण बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, न ऐकू येणं अशी सुधारता येण्यासारखी कारणं त्यामुळे निसटतात. मधुमेहावर वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यात बी-१२ कमी होतं, आणि ते भरून काढणं स्वस्त आहे.

काय सुटायचं राहिलं आहे

बारीक शरीरातली साखर मेंदूला लठ्ठ शरीरातल्या साखरेइतकीच घातक असते का, हा पहिला अनुत्तरित प्रश्न. कमी वजनाच्या माणसात रक्तदाब किती खाली आणावा, हा दुसरा. म्हाताऱ्याला उठताना चक्कर येऊन तो पडला तर रक्तदाब आवळून काय मिळवलं? खर्र्यातल्या सुपारीचा प्रश्नही उरतोच. तैवानमध्ये सुपारी चघळण्याचा संबंध चयापचयाच्या विकारांशी जोडला गेला आहे. इथं शाळकरी वयापासून खर्रा सुरू होतो आणि साठीपर्यंत त्याला पन्नास वर्षं होतात. चंद्रपूरच्या कोळशाच्या धुळीचा आणि गडचिरोलीच्या चुलीच्या धुराचा मेंदूवरचा परिणाम शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल, इतके हे जिल्हे एकमेकांसारखे आणि एकमेकांपासून वेगळे आहेत.

धोका कोणत्या वयात जडतो, हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे. व्हाइटहॉलच्या २०२१च्या निष्कर्षांत मधुमेह जितका लवकर सुरू झाला, तितका पुढचा स्मृतिभ्रंश वाढला. सुरुवात दर पाच वर्षं आधी, तर धोका साधारण पाव पटीनं जास्त. म्हणजे खरा काळ चाळिशी-पन्नाशीचा आहे, आणि तिसरं मत बरोबर असेल तर त्याच्याही आधीचा.

गडचिरोलीत याचं उत्तर देऊ शकतील अशी माणसं आहेत. १९९५-९६ मध्ये 'सर्च'च्या ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरोघर जाऊन ७६३ नवजात बाळांची पाहणी केली. त्यातली ४२ टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. खेड्यातल्या घरात, जन्मल्या जन्मल्या घेतलेली अशी वजनं भारतात त्या काळी फार थोड्या ठिकाणी लिहून ठेवली गेली. त्यातून वाचलेली बाळं आता तिशीत आहेत. सीबॅकच्या फॉर्ममध्ये त्यांचं नाव आता पहिल्यांदा येतं आहे. त्यांचा रक्तदाब, साखर आणि कंबरेचा घेर तीस वर्षांपूर्वीच्या त्या वजनाशेजारी लिहिला गेला, तर याज्ञिकांच्या मताची जंगलातली परीक्षा आजपासून सुरू होऊ शकते. स्मरणशक्तीचा रकाना भरायला मात्र २०५५ उजाडेल.